फटफटीचा ताप

जनावर आजारी पडले म्हणजे ते तोंडाने सांगत नाही. गाय रवंथ थांबवते, बैल कान पाडतो, घोडा एक पाय सैल सोडून उभा राहतो. बाकीचे ज्याचे त्याने ओळखायचे. म्हणून गुरांच्या डॉक्टराला पहिला धडा मिळतो तो शेपटी बाजूला सारून थर्मामीटर लावण्याचा. गाईचे अंग साडेअडतीस अंशांच्या आसपास असले की ठीक. चाळीस ओलांडले की बॅग उघडायची. नुसता पाठीवर हात ठेवून काही समजत नाही, कारण तिचे अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम. मालक मात्र हमखास पाठीवर हात ठेवतो आणि म्हणतो, “डाक्टरसाब, लई तापायली हो!”

हा धंदा मी नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत तीस वर्षांवर केला. मुलूख गुरांचा. कंधारकडची तांबडी लाल कंधारी आणि लातूरकडची पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची देवणी, या दोन्ही जाती इथल्याच. त्या पाहायला जायचे तर वाडी-तांड्यावर जावे लागते, आणि वाडी-तांड्यावर एस. टी. जाते ती आपल्या सोयीने, गाईच्या नव्हे. तेव्हा माझे उभे आयुष्य फटफटीवर गेले. आधी राजदूत, मग बुलेट. गुरांचा ताप मोजता मोजता या वाहनाचाही ताप मोजायची मला सवय लागली, आणि त्या सवयीबद्दलच आज चार गोष्टी सांगणार आहे. ज्यांच्या घरी मोटारसायकल नाही त्यांनी पान उलटावे, असे म्हणणार होतो. पण असे घर आता आमच्याकडे सापडायचे कठीण.

नव्या मोटारसायकलीच्या तोंडावर काय काय दिसत नाही! वेग दिसतो, पेट्रोल दिसते, घड्याळ दिसते. काहींवर तर खिशातल्या मोबाइलवर कोणाचा फोन आला तेही उमटते. एंजिन किती तापले हे मात्र बहुतेक गाड्यांवर दिसत नाही. पाण्याने थंड होणाऱ्या गाड्यांचे वेगळे. यामाहाची आर-१५ २००८ साली आली, केटीएमची ड्यूक २०१२ साली आली. तेव्हापासून रेडिएटरवाल्या गाड्या तरुण पोरांच्या बुडाखाली दिसू लागल्या आणि त्यांत पाण्याच्या उष्णतेची काही ना काही सूचना असते. पण दूधवाला, मास्तर, तलाठी, शेतकरी आणि गुरांचा डॉक्टर ज्या गाड्या चालवतात त्या वाऱ्याने थंड होणाऱ्या. तिथे मापक नाही. आणखी गंमत अशी की १ एप्रिल २०२० पासून नव्या नियमांच्या ज्या गाड्या आल्या त्यांतल्या वाऱ्याने थंड होणाऱ्या पुष्कळ गाड्यांत एंजिनाची उष्णता मोजणारा सेन्सर आहे. तो आतल्या संगणकाला आकडा सांगतो, संगणक त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो. फक्त मालकाला कोणी काही सांगत नाही. दवाखान्यात पेशंटचा तक्ता पेशंटलाच दाखवत नाहीत, त्यातलाच प्रकार.

वाचक म्हणतील, कारखानदारांना गरज वाटली नाही म्हणून मापक बसवले नाही. मग आपण कशाला काळजी करावी? हे पुण्याला किंवा बंगलोरला ठीक आहे. नांदेडला मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर टेकतो. रस्त्याच्या डांबराजवळची हवा त्याहूनही गरम असते. आणि वाऱ्याने थंड होणाऱ्या एंजिनाचे साधे गणित असे, की बाहेरची हवा जितके अंश वर जाईल, साधारण तितकेच अंश एंजिनही वर जाते. डिसेंबरातल्या पहाटेच्या बारा अंशांत आणि मेच्या दुपारच्या चव्वेचाळीस अंशांत बत्तीस अंशांचा फरक आहे. तो सगळा फरक सिलिंडरच्या डोक्यावर बसतो.

एंजिनाच्या आत काय चालते ते एकदा नीट पाहिले म्हणजे भीती कुठे बाळगायची आणि कुठे नाही ते समजते. पेट्रोल पेटते तेव्हा आतला वायू क्षणभर दोन हजार अंशांच्या वर जातो. पिस्टन असतो अॅल्युमिनियमचा, आणि अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. मग तो वितळत कसा नाही? कारण स्फोट क्षणाचा असतो, आणि त्याची उष्णता रिंगांतून सिलिंडरला, सिलिंडरमधून बाहेरच्या फिन्सना आणि फिन्समधून वाऱ्याला जात असते. जळलेल्या पेट्रोलची जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा ताकद चाकाला मिळते. बाकीची सायलेन्सरमधून आणि फिन्समधून वाया जाते. ही वाया जाणारी उष्णता गेली नाही तर घात होतो. जुन्या बुलेटचा आणि राजदूतचा सिलिंडर बिडाचा. अॅल्युमिनियम बिडापेक्षा जवळपास दुप्पट फुगते. म्हणजे दोघेही सारखेच तापले तरी पिस्टन अधिक फुगणार, आणि दोघांतली ती केसभर फट बुजणार. तेलाचा थर फाटला की धातूवर धातू घासतो आणि पिस्टन सिलिंडरला पकडतो. मिस्त्री लोक म्हणतात, “एंजिन पकडले.” चालत्या गाडीत हे झाले तर मागचे चाक जागच्या जागी अडकते. माणूस कुठे फेकला जाईल ते त्याच्या नशिबावर. अशा वेळी डाव्या हाताने क्लच दाबणे हा एकच उपाय आहे, आणि त्याला मिळतो एक क्षण.

राजदूतच्या जमान्यात हे वारंवार होई. ती टू-स्ट्रोक गाडी; एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या एका मोटारसायकलीवरून १९६० नंतरच्या दशकात काढली आणि पुढे खेडोपाडी तिचे बस्तान बसले. तिच्यात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळून घालायचे. तेल कमी पडले की पिस्टन कोरडा. त्यातही एक चोरवाट होती, ती फार थोड्यांना ठाऊक असे. उतारावर माणूस अॅक्सिलरेटर बंद करतो. अॅक्सिलरेटर बंद म्हणजे पेट्रोल बंद, आणि पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद! चढावर तापलेले एंजिन उतारावर वेगाने फिरते आहे आणि त्याला तेलाचा थेंब नाही. चढावर निभावलेल्या गाड्या उतारावर पकडल्या जात त्या यामुळे. जुने दूधवाले उतारावर मधूनमधून मूठ थोडी पिळत. कारण विचारले तर “तसंच करायचं असतं,” म्हणत. कारण ठाऊक नसेल, पण त्यांच्या गाड्या टिकल्या.

एका दूधवाल्याची गोष्ट सांगतो. लोह्याच्या अलीकडच्या एका गावाहून तो रोज नांदेडला दूध घाली. दोन उन्हाळ्यांत त्याच्या राजदूतला दोनदा बोअर मारून झाले होते. दर वेळी नवा पिस्टन, नव्या रिंगा, आणि गाडी मिस्त्रीकडे असेतो उसनी सायकल. बोअर म्हणजे त्याच्या महिन्या-दीड महिन्याची कमाई. मिस्त्री तेलाला दोष देई, दूधवाला पेट्रोलपंपाला. एके दिवशी मी त्याच्या म्हशीला इंजेक्शन द्यायला गेलो असता तो निघायच्या तयारीत होता. पाहतो तो दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, आणि परत येताना आणायच्या पेंडीचे रिकामे पोते पुढे लेगगार्डला घडी घालून घट्ट बांधलेले; म्हणजे बरोबर एंजिनाच्या तोंडावर. ज्या वाऱ्याने सिलिंडर थंड व्हायचा त्याला त्याने बुरखा घातला होता. येताना तर त्याच जागी पेंडीने भरलेले पोते येई. पोते मागे बांधायला सांगितले. तिसरा बोअर त्या गाडीला माझ्या माहितीत लागला नाही. स्कूटर असती तर हा प्रश्न आलाच नसता, कारण स्कूटरच्या आणि रिक्षाच्या एंजिनाला स्वतःचा पंखा असतो. उभ्या जागीही तो वारा घालतो. मोटारसायकलीला वारा मिळतो तो फक्त धावताना. म्हणून उसाच्या ट्रॉल्यांमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणारी गाडी भरधाव गाडीपेक्षा जास्त तापते. पाठीमागून वारा असला तरी तेच. गाडी चाळीसने आणि वाराही मागून तीसने, म्हणजे एंजिनाच्या वाट्याला फक्त दहाची झुळूक.

आता मोजायचे कसे? पहिले साधन आपली इंद्रिये. नडगीला झळ लागते, जळक्या तेलाचा वास येतो, गाडीची ओढ कमी होते, चढावर आतून खणखण असा आवाज येतो. देगलूर नाक्याकडचे आमचे एक उस्ताद गाडी नुसती ऐकून सांगत. एक कॉलेजातला पोरगा त्यांच्याकडे आला आणि एंजिनाचा आवाज झाकण्यासाठीच की काय, फोडलेला सायलेन्सर दणाणू लागला. उस्ताद त्याला म्हणाले, “बाबा, गाडी बोलायली, पण तूच तिच्या तोंडात बोळा घातलास. आता मी काय ऐकू?” कान हे खरे साधन आहे, पण ते पंचवीस वर्षांच्या सवयीने तयार होते, आणि मापक मात्र पहिल्या दिवसापासून वाचता येते. शिवाय नाक आणि नडगी थापाही मारतात. मे महिन्यात सगळेच गरम लागते.

दुसरे साधन आपल्या आया-बहिणींचे. भाकरी टाकण्यापूर्वी तव्यावर पाण्याचे बोट शिंपडतात ते कशासाठी? थेंब नुसता बसून राहिला तर तवा कच्चा. चर्र करून आटला तर तापला. आणि थेंबाचा मोती होऊन तव्यावर नाचत सुटला तर फारच तापला, विस्तव ओढायला हवा. योहान लायडेनफ्रॉस्ट नावाच्या एका जर्मन डॉक्टराने तापलेल्या लोखंडी पळीत हेच थेंब टाकून पाहिले आणि १७५६ साली त्यावर प्रबंध छापला. धातू फार तापला की थेंबाखाली वाफेची गादी तयार होते, थेंब धातूला टेकतच नाही, म्हणून तो आटायला उलट वेळ लागतो. पाण्याच्या बाबतीत हे साधारण दोनशे अंशांच्या आसपास घडू लागते. तेव्हा सिलिंडरच्या डोक्यावरच्या फिनला बोटाच्या टोकाने एक थेंब लावावा. चर्र करून गेला तर शंभराच्या वर, काही बिघडले नाही. गोळी होऊन घरंगळला तर गाडी सावलीला लावावी. पृष्ठभाग खडबडीत असला किंवा काजळी-तेलाचा थर असला तर हा आकडा पुढेमागे होतो, तेव्हा याला तराजू समजू नये, अंदाज समजावा.

थेंब म्हटले म्हणजे थेंबच. कित्येक जण तापलेल्या गाडीवर तांब्याभर गार पाणी ओततात आणि फसफसणारी वाफ पाहून समाधान पावतात. बीड असे एका बाजूने एकदम आक्रसले तर चिरते. लातूरकरांना हे सांगायची २०१६ साली तरी गरज नव्हती. त्या वर्षी १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली, दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटरच्या सुमाराने. घागरींच्या रांगा लागत तिथे फटफटीला आंघोळ कोण घालणार? वाऱ्याने थंड होणारे एंजिन हेच या मुलखाचे खरे एंजिन, असे मला तेव्हा वाटले.

तिसरे साधन म्हणजे प्लग. हे थर्मामीटर नव्हे. हा जुना रोग सांगणारा दाखला आहे. गाडी चांगली दहा-पंधरा किलोमीटर चालवून, बंद करून, निवू देऊन प्लग काढावा आणि त्याच्या चिनी मातीच्या नाकाचा रंग पाहावा. दूध घातलेल्या चहासारखा किंवा बिस्किटासारखा असला तर प्रकृती उत्तम. काळी काजळी असली तर पेट्रोल जास्त जळते आहे. पांढराफटक असला तर एंजिन तापते आहे. बहुधा पेट्रोल कमी आणि हवा जास्त. आणि त्या पांढऱ्यावर चकाकणारे बारीक दाणे दिसले तर ते पिस्टनचे अॅल्युमिनियम आहे असे समजावे आणि गाडी ढकलत घरी न्यावी. प्लग घेतानाही सावध असावे. प्लगला ‘गरम’ आणि ‘थंड’ अशा जाती असतात आणि त्यांचे आकडे कंपनीगणिक उलटे चालतात. एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड जातीचा, आणि बॉशच्या हल्लीच्या पद्धतीत आकडा वाढला की गरम जातीचा. दुकानदार “दोन्ही सेमच आहेत” म्हणून देतो. चूड्या सेम असतात, जात नसते.

इथे पेट्रोलाबद्दल एक शब्द. पूर्वी भीती असे ती रॉकेलच्या भेसळीची. रॉकेल मिसळले की पेट्रोल अवेळी पेटते, एंजिन खणखणते आणि तापते. आता पंपावर मिळते त्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. नव्या गाड्या ते ओळखून घेतात. पण कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला हे कळत नाही, तिचे मिश्रण थोडे पातळ पडते आणि प्लग पांढरटाकडे झुकतो. चांगला मिस्त्री जेट बदलून किंवा स्क्रू फिरवून ते सावरून घेतो. लातूर जिल्ह्यातला ऊस पाणी पितो, उसाचे इथेनॉल होते, ते माझ्या बुलेटमध्ये येते आणि तिला ताप देते. पाण्याच्या रेल्वेचा सूड म्हणावा का हा!

खरा आकडा हवा असेल तर मात्र दोनच साधने कामाची. त्यांतले एक २०२० साली घरोघर पोचले. कोरोनाच्या साथीत बँकेच्या आणि कचेरीच्या दारात उभा राहून शिपाई आपल्या कपाळावर बंदूक रोखी, ती आठवते ना? तापलेली वस्तू डोळ्यांना न दिसणारे किरण टाकते आणि ती बंदूक ते मोजते. कपाळाची बंदूक एंजिनाला चालत नाही. ती माणसाच्या अंगापुरतीच वाचते आणि पुढे हात टेकते. पण कारखान्यात वापरायची तशीच बंदूक साडेतीनशे-चारशे अंशांपर्यंत वाचते आणि फार महागही नसते. माझ्या एका भाच्याने ती आणली आणि एंजिनाच्या लखलखीत डोक्यावर रोखली. आकडा आला साठ! शेजारी काळ्या रंगाच्या भागावर रोखली तर दीडशे! भाचा म्हणाला, “मामा, मशीन फेकून द्या.” मशीन निर्दोष होते. घासून चकचकीत केलेले अॅल्युमिनियम स्वतःचे किरण फार थोडे टाकते आणि आरशासारखे आजूबाजूचे परत फेकते. त्यामुळे बंदूक एंजिन सोडून भोवतालच वाचते. काळा, खरबरीत पृष्ठभाग किरण प्रामाणिकपणे टाकतो. उपाय सोपा आहे. प्लगजवळ उष्णता सोसणाऱ्या बिनचकाकीच्या काळ्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका द्यावा आणि दर वेळी जवळून, त्याच ठिपक्यावर मोजावे. लाल बिंदू दिसतो तो फक्त नेम दाखवण्यासाठी असतो. बंदूक त्याभोवतीचे मोठे वर्तुळ वाचत असते, आणि आपण जितके दूर तितके ते मोठे. दूर उभे राहून मोजले तर एंजिनाबरोबर टाकी आणि आपली चप्पलही मोजली जाते.

बंदुकीचा दोष एकच: ती वापरायला थांबावे लागते. चालत्या गाडीत सांगणारे साधन म्हणजे थर्मोकपल. नाव अवघड असले तरी चीज अगदी गरीब आहे. दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा टोकाशी जोडल्या आणि तो जोड तापवला की तारांत अगदी किंचित वीज उत्पन्न होते. थॉमस झीबेक या शास्त्रज्ञाला १८२१ साली हे दिसले. बाजारात ‘के’ जातीचे थर्मोकपल सर्रास मिळते. त्याच्या दोन्ही तारा निकेलच्या मिश्रधातूंच्या असतात आणि शंभर अंशांना सुमारे चार मिलिव्होल्ट वीज देतात. बेकरीच्या भट्टीत, साखर कारखान्याच्या बॉयलरवर हेच असते. मला त्याची ओळख साखर कारखान्यातल्या एका फिटरनेच करून दिली. मोटारसायकलीसाठी ते वॉशरच्या आकाराचे मिळते: प्लगखालची मूळ कडी काढून त्या जागी हा वॉशर घालायचा, प्लग बेताने कसायचा, आणि तार हँडलपाशी आणून छोट्या आकडेवाल्या मापकाला जोडायची. घरी उष्णता मोजणारा मल्टिमीटर असेल तर तोही चालतो.

बसवताना तीन गोष्टी सांभाळल्या की झाले. तार प्लगच्या जाड वायरला चिकटू देऊ नये, नाहीतर ठिणगीच्या विजेने आकडे नाचतात. तार आखूड पडली म्हणून मध्ये साधी तांब्याची वायर जोडू नये. तांब्याच्या जोडाशी वेगळीच वीज तयार होते आणि आकडा खोटा येतो, वाढवायची तर त्याच जातीची तार हवी. आणि वॉशर जुन्या कडीइतकाच जाड असावा. जास्त जाड असला तर प्लग वर राहतो आणि हवा निसटते.

आकडा मिळाला, पण किती म्हणजे ताप? प्लगखाली मोजले तर वाऱ्याने थंड होणारे चार-स्ट्रोकचे एंजिन सुस्थितीत साधारण दीडशे ते दोनशे अंशांच्या दरम्यान राहते. २३० च्या पुढे सरकू लागले तर काहीतरी चुकते आहे. तुलनेसाठी सांगायचे तर वाऱ्यानेच थंड होणाऱ्या पुष्कळशा लायकमिंग विमान-एंजिनांना २६० अंशांची कमाल मर्यादा असते. पण त्यांची बांधणी आणि वारा विमानाचा, आपल्या फटफटीने तिथवर जाऊ नये. तेलाचा आकडा यापेक्षा बराच खाली असतो. ऐंशी ते एकशेदहा अंश तेलाला मानवतात, १३० च्या वर ते लवकर म्हातारे होते. तेल पाहण्याच्या पट्टीच्या जागी बसणारी छोटी तबकडी काही गाड्यांना मिळते, तीही चांगली. मात्र तेल सावकाश तापते आणि सावकाश निवते. चढावर काय घडते आहे हे प्लगच कळवतो. तेल कळवते तेव्हा चढ संपलेला असतो.

या आकड्यांपेक्षाही महत्त्वाचा आपल्या गाडीचा नेहमीचा आकडा. मी वही ठेवली होती. नांदेडहून गोदावरी ओलांडून सोनखेड, लोहा, माळेगाव, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर आणि लातूर, अशी ही सुमारे १४० किलोमीटरची वाट. आता तो राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. तेव्हा खड्डे मोजत जावे लागे. वाट हळूहळू बालाघाटाच्या पठारावर चढते. माझ्या बुलेटचा आकडा थंडीत दीडशेच्या आतबाहेर राही, मेच्या दुपारी सपाटीला १८० आणि चढाला १९५. हे पाठ झाले म्हणजे मापक हा रोगाचा तक्ता होतो. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत घोड्यांचे व्यापारी घोड्याच्या कानाला हात लावून दौडीचा शीण ओळखतात, त्यांनाही आधी तो घोडा थंड असताना पाहिलेला असावा लागतो.

एका मे महिन्यात दुपारी एक वाजता अहमदपूर तालुक्यातल्या एका तांड्यावरून फोन आला: गाय अडली आहे. पहिलटकरीण लाल कंधारी, सकाळपासून कळा देते आहे, एकच खूर बाहेर दिसतो. तिकडचे डॉक्टर रजेवर होते. मी लोह्याहून निघालो. माळेगाव मागे पडले तोच नडगीला झळ जाणवू लागली आणि जळक्या तेलाचा वास आला. मापक १९८ दाखवीत होते, मग २०४, मग २०९. थांबावे तर निवायला वीस मिनिटे जाणार, आणि अडलेल्या गाईची वीस मिनिटे म्हणजे वासराचा जीव. न थांबावे आणि एंजिन पकडले तर गाय, वासरू आणि डॉक्टर तिन्ही वाटेवरच. मी अॅक्सिलरेटर थोडा सैल केला, गिअर एकाने खाली घेतला आणि आकड्यावर नजर ठेवली. २११ वर तो थबकला. एक किलोमीटर, दोन किलोमीटर. पुढे सरकला नाही. वास येतच होता, पण आकडा स्थिर होता. स्थिर आकडा म्हणजे जितकी उष्णता तयार होते तितकी निघूनही जाते आहे. मी थांबलो नाही. वासराचा पुढचा एक पाय गुडघ्यात मागे मुडपला होता. तो सरळ करायला अर्धा तास लागला. कालवड झाली आणि जिवंत झाली. गाडीला नंतर काय निघाले, तर टॅपेटच्या झाकणाची पॅकिंग गेली होती आणि गळलेले तेल फिन्सवर जळत होते. त्याच तेलावर धूळ बसून फिन्सच्या फटींत काळ्या मातीचा लेप तयार झाला होता. वास त्याचाच. एका घासणीने आणि दोन रुपयांच्या सोड्याने लेप गेला आणि चढाचा आकडा परत १९५ वर आला.

ही मातीची गोष्ट आपल्याकडच्या लोकांनी विशेष ध्यानात ठेवावी. आमची काळी माती पावसाळ्यात चिखल होऊन उडते, फिन्समध्ये बसते आणि एंजिनाच्या आचेने विटेसारखी भाजून निघते. दिवाळीच्या सुमारास पाऊस संपला की लोक गाड्या धुतात, टाकी चमकवतात, हार घालतात आणि फिन्स तशाच राहतात. बाभळीची किंवा बांबूची चोय घेऊन त्या एकेक साफ कराव्यात. लोखंडी खिळा वापरू नये, फिन तुटते.

शेवटी गाडी थांबवताना. मापक बसवल्यावर पहिल्याच दिवशी पुष्कळ जण घाबरून फोन करतात: गाडी बंद केली आणि आकडा उतरायच्या ऐवजी दहा-बारा अंशांनी चढला! त्यात घाबरण्यासारखे काही नाही. वारा थांबलेला असतो, आणि आत साठलेली उष्णता बाहेर यायला तेवढा वेळ लागतो. दोन-तीन मिनिटांत आकडा उतरणीला लागतो. तापलेली गाडी सुरू ठेवून उभी करणे मात्र वाईट, कारण वारा नाही आणि भट्टी पेटलेलीच. त्याऐवजी मुक्कामाच्या अलीकडचा शेवटचा किलोमीटर हलक्या हाताने चालवावा, गाडी वाऱ्याकडे तोंड करून लिंबाच्या सावलीला लावावी, आणि पोराटोरांना सायलेन्सरपासून अर्धा तास दूर ठेवावे.